देवळात पालथा

हे शहर आधी कागदावर आखलं, मग बांधलं. म्हणून सगळं सारखं. गोल चौक, त्यात हिरवळ, हिरवळीत लाल फुलं. पुढचा चौक? तेच! मागच्या सीटवरून आत्या ओरडली, "अरे, ही फुलं मघाशीच बघितली की!"

"ती वेगळी, आत्या."

"आणि ती बाई? ती पण वेगळी? तिसऱ्यांदा हात करतेय आपल्याला!"

मला हसू आवरेना. आज मोठ्या देवळात ती भेटणार होती, तिच्या बाबांना घेऊन. आमचं दोघांचं कधीच ठरलंय, बाबांनी मला बघायचं तेवढं बाकी. तिची अट एकच, "देवदेव करणारा नको. घरात बाबा आहेत तेवढे पुरे."

सोप्पं! मी फरशी बसवतो. देवाशी माझं येताजाता हात जोडण्यापुरतंच.

देऊळ मात्र बाप रे! पांढरंशुभ्र, डोळे दिपले. खांबाखांबावर हत्ती, वेली, मोर. सगळे वर बघतायत, मी खाली. एवढा मोठा सभामंडप, सगळा संगमरवर, आणि सांधाच दिसेना! असं कसं? वाकलो. नाही. गुडघे टेकले. नाही. शेवटी सरळ पालथा पडलो, गाल फरशीला, एक डोळा बंद.

सापडला! केसाएवढा!

वळून बघतो तर मागची अख्खी रांग पालथी. आत्यासुद्धा. शेजारणीला सांगत होती, "इथली पद्धत दिसतेय. आता मला उठवा कुणीतरी."

समोर तिचे बाबा. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. "असा भाविक जावई शोधून सापडला नसता!"

त्यांच्या मागे ती. चेहरा उतरलेला. हळूच मान हलवली, नाही म्हणून.

मेलो! गप्प बसलो तर ती जाते, बोललो तर बाबा जातात.

"काका, मी नमस्कार नव्हतो घालत. फरशीचा सांधा बघत होतो."

रांगेतले एक आजोबा पडल्यापडल्या ओरडले, "मग आम्ही कशाला लोळतोय?"

बाबा बघतच राहिले. "गप्प बसला असतास तरी चाललं असतं की रे."

"मला चाललं असतं, काका. तिला नसतं चाललं."

त्यांनी मागे बघितलं. ती तोंडावर हात दाबून गदागदा हसत होती. बाबांनी तिला असं हसताना बघून बरेच दिवस झाले असावेत. त्यांनी चष्मा काढून आत्याच्या हातात दिला आणि सावकाश पालथे झाले.

"कुठाय?"

"गाल टेकवा. डावा डोळा मिटा."

"आयला, आहे की!" मग लेकीला हाक, "अगं ये, इकडून दिसतोय!"

ती आली आणि आमच्या दोघांच्या मधे आडवी झाली.