पाच सेकंदांची ओळ

तिने ती एक ओळ खोडली, फाइल सेव्ह केली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. काचेपलीकडे साहेब नव्या कंत्राटदाराला सांगत होते की इथलं सगळं आपोआप चालतं, बाईंना उगाच चार वर्षं पोसलं.

हॉस्पिटलच्या लॅबमधले रिपोर्ट वॉर्डांत पोचवणारा प्रोग्राम तासाला दोन-तीनदा मान टाकायचा. पडला की पाच सेकंदांत त्याला पुन्हा उभं करायचं, एवढंच त्या ओळीत लिहिलेलं होतं. ती घालायला साहेबांनी सुरुवातीलाच परवानगी नाकारली होती. तिने ती परस्पर घातली. प्रोग्राम कधी बंदच पडत नाही म्हणून साहेबांना बढती मिळाली, आणि काम उरलं नाही म्हणून तिला नारळ.

विनापरवाना केलेलं सगळं काढून जा, असा साहेबांचा लेखी हुकूम होता. तिने तो पाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमधल्या मावशींचा फोन आला. सकाळपासून रिपोर्ट अडकलेत, नवा माणूस प्रोग्राम चालू करतो आणि तो घटकाभरात पुन्हा झोपतो, साहेब तर स्वतः कागद घेऊन चार मजले चढउतार करताहेत, असं त्या म्हणाल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. साहेबांनाच फोन करायला सांगा, काल खोडलेली ओळ त्यांना सांगते, इतकंच बोलली.

वीस मिनिटांनी साहेबांचा फोन आला. त्यांना धाप लागली होती.

"फाइल उघडून बसलोय," ते म्हणाले. "काय लिहायचं ते सांगा."

तिने एकेक अक्षर सांगितलं. ते पुटपुटत लिहीत होते. मध्येच कुणीतरी त्यांना हाक मारली. अतिदक्षता विभागाला रक्ताचा रिपोर्ट हवा होता. आलोच, असं म्हणून ते तसेच बसून राहिले.

पहिल्या खेपेला एक अक्षर सुटलं. तिने ओळ पुन्हा लिहायला लावली. या वेळी त्यांनी ती सबंध वाचून दाखवली, शाळेतल्यासारखी, अडखळत. शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर होती.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चुकलं," ती म्हणाली. "खोडा. पहिल्यापासून लिहा."