ओवेनची खिडकी

"सगळे आले तरच गाणं. एक जरी भाऊ घरात बसला तरी नाही," ग्रेडी म्हणाला. तो या वर्षीचा अध्यक्ष.

मी बटाटे सोलत होतो. कॉलेजच्या मुलांच्या या बंधुमंडळाच्या घरात मी स्वयंपाक करतो. इथे राहणारी मुलं एकमेकांना भाऊ म्हणतात आणि मला पॉप. माझी बायको आर्लीन हे घर सांभाळायची, तिला मुलं मॉम म्हणायची. ती फेब्रुवारीत गेली.

इथली एक जुनी रीत आहे. भावाने छातीवरचा मंडळाचा बिल्ला एखाद्या मुलीला दिला, की सगळ्यांनी संध्याकाळी तिच्या खिडकीखाली जाऊन गायचं. गाणं संपलं की तिने खोलीतला दिवा तीनदा चालू-बंद करायचा. म्हणजे होकार.

कॉर्बिनने बिल्ला ओवेनला दिला होता.

आपण गे आहोत हे कॉर्बिनने गेल्या वर्षीच सांगितलं होतं. मतदान झालं, सगळ्यांनी त्याला ठेवून घेतलं. पण ठेवून घेणं वेगळं आणि भर रस्त्यात उभं राहून त्याच्यासाठी गाणं वेगळं. तो दारापाशी उभा होता. शर्टावर बिल्ल्याच्या जागी दोन बारीक भोकं दिसत होती.

"गाणं झालं नाही तर मी खोली सोडतो," तो म्हणाला. "भांडण नाही. पण मग मी इथला भाडेकरूच, भाऊ कसला?"

हँक फुटबॉल खेळणारा, दारात मावत नाही असा. तो म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही रे. पण गाण्यात 'आमच्या भावाची राणी' आहे. ओवेनला राणी म्हणायचं?"

"मग राजा म्हण," एकजण म्हणाला.

"पत्त्यांचा डाव आहे का?"

"तुझा आवाज ऐकून त्याला शब्द कळणारेत थोडेच!"

सगळे हसले. हँक हसला नाही. "काय म्हणायचं ते ठरवा, मग मला बोलवा," म्हणत तो वर निघून गेला. शब्द हे निमित्त होतं, हे सगळ्यांना कळलं.

ग्रेडी माझ्याजवळ आला. "पॉप, मॉम असती तर काय म्हणाली असती?"

"म्हणाली असती, आधी जेवून घ्या."

मुलं जेवली. कॉर्बिनने बटाट्यांना हातही लावला नाही. ताटं उचलत होतो तेवढ्यात हँक खाली आला. अंगात कोट, गळ्यात टाय, गाठ एका बाजूला.

"ओवेनच म्हणू की," तो म्हणाला. "नाव आहे ना त्याला."

दरवेळी मुलांबरोबर आर्लीन जायची, मी भांडी घासत मागे राहायचो. त्या दिवशी मी भांडी तशीच टाकून गेलो.

ओवेन चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा. खिडकीत दिवा होता. मुलं रस्त्यात ओळीने उभी राहिली आणि गाऊ लागली. ते गाणं मी आजवर लांबूनच ऐकलं होतं. जवळून ते छातीत वाजतं, हे मला माहीत नव्हतं. एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. राणीची जागा आली तेव्हा सगळे आवाज एकदम म्हणाले, "ओवेन." मी टोपी काढली. का काढली ते सांगता येणार नाही.

गाणं संपलं. ओवेन खिडकीत उभा होता, तोंडावर हात धरून. दिवा मात्र तसाच जळत राहिला. कोणी हललं नाही. कॉर्बिन आपल्या बुटांकडे बघू लागला.

मग माझ्या लक्षात आलं. दिव्याचं मुलींना आर्लीन सांगून ठेवायची. ओवेनला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तोंड उघडणार, तोच हँक ओरडला, "अरे दिवा! दिवा चालू-बंद कर! तीनदा! होकार असेल तर!"

"आणि नसेल तर?" वरून फाटक्या आवाजात उत्तर आलं.

"तर मी वर येतो!"

दिवा विझला, लागला. तीनदा झालं, चारदा झालं, तो थांबेचना. मुलं ओरडत होती, आणि कॉर्बिन हँकच्या कोटात तोंड घालून रडत होता. मी खूप वेळ वर बघत राहिलो.

माझं पाऊल वाजलं की आर्लीन स्वयंपाकघरातला दिवा लावायची. आमच्या घरी पोचलो तेव्हा खिडकीत अंधार होता. पायरीवर जरा थांबलो. मग आत जाऊन मीच दिवा लावला.