चार बोटं वरचा सुपरवायझर

या, जरा पुढं सरकून बसा. दारापाशी कशाला, तिथं ऊन लागतंय. एका माणसाची गोष्ट सांगतो, हात जोडून सांगावी अशी. संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, एवढंच मागणं.

निवृत्ती कुंभार सुपरवायझर झाला त्या दिवशी जमिनीपासून चार बोटं वर उचलला गेला. साहेबांनी नेमणुकीचं पत्र हातात दिलं, आणि त्यानं ते घडी घालून खिशात ठेवेपर्यंत त्याच्या बुटांखालून वारा जायला लागला. सांगलीकडचा, बिडाचे पंप ओतणारा कारखाना तो. तिथं कुणाला याचं नवल वाटलं नाही. भट्टीवरचा रावसाहेब मगदूम तेवढा म्हणाला, "मामा, पायताण झिजायचं न्हाई आता तुमचं!"

अडचण एकच होती. पदाचं नाव बदललं तरी निवृत्तीचं काम तेच राहिलं होतं. वाळूचे साचे असतात जमिनीवर, आणि पंचवीस वर्षं ते ठोकणारे हात आता चार बोटं तोकडे पडू लागले. मग त्याच्याच हाताखाली वाळूच्या पाट्या वाहणाऱ्या हौसाबाई खोतांनी त्याच्या कमरेला वाळूची पिशवी बांधली. रोज सकाळी हजेरी झाली की बाई पिशवी बांधायच्या, मामा खाली टेकायचे आणि दिवसभर साचे ठोकायचे. भोंगा झाला की पिशवी सुटायची, मामा वर.

गुरुवारी मारुतीच्या देवळात कीर्तनाला मात्र तो पिशवीवाचूनच जाई. पहिल्यांदा त्याला फार संकोच वाटला. सगळ्यांच्या वर बसायचं कसं? बुवांनी पूर्वरंग थांबवला आणि जाजमाला म्हणाले, "घे रे बाबा त्यांना सांभाळून." जाजम चार बोटं वर आलं. तेव्हापासून तिथली सारी मंडळी चार बोटं वर बसूनच कथा ऐकते. निवृत्तीचे डोळे भरून येत. घरी गेल्यावर बायकोला म्हणे, "देवानं माणसं बाकी चांगली दिली गं."

पुढं एका उन्हाळ्यात त्यानं भट्टीजवळच्या लोकांसाठी पाण्याचा रांजण मागितला. उत्तर एका ओळीचं आलं: उद्यापासून कामावर येऊ नये.

निवृत्ती कामगार न्यायालयात गेला. दारात पट्टेवाल्यानं त्याची पिशवी काढून घेतली. "वजन घेऊन आत जाता येत नाही." आत कंपनीचे वकील शहापुरे उठले. रांजणाचा विषयच निघत नाही, म्हणाले. हे न्यायालय कामगारांचं आहे. हा गृहस्थ माणसांवर देखरेख करणारा, म्हणजे कामगार नव्हे. त्याचं गाऱ्हाणं इथं ऐकताच येणार नाही.

निवृत्तीच्या वकीलबाई म्हणाल्या, "पदाचं नाव बघू नका साहेब. माणूस दिवसभर करत काय होता, ते बघा."

न्यायाधीश सज्जन होते. त्यांनी टेबलाच्या खणातून लाकडी पट्टी काढली. "मोजून बघू. पाय फरशीला टेकले तर कामगार. नाही टेकले तर अर्ज फेटाळला."

त्या न्यायालयाची खोली दर तारखेला एक फरशी आखूड होई. नियमच होता तसा. खोली संपायच्या आत निकाल लागला तर लागला. पहिली तारीख पडली तेव्हा खोली चौदा फरशा लांब होती.

शहापुऱ्यांनी रजेचे सत्तर अर्ज आणले. प्रत्येकावर निवृत्तीची सही. "रजा देणारा तो मालकाच्या बाजूचा," ते म्हणत आणि एकेक अर्ज वाचत. अर्ज वाचला की निवृत्ती एक बोट वर जाई. तारखांमागून तारखा गेल्या. त्याचं डोकं पंख्याला लागायला आलं, तेव्हा पट्टेवाल्यानं पंखा बंद केला. निवृत्तीनं वरूनच त्याला हात जोडले.

अकराव्या तारखेनंतर तीन फरशा उरल्या. एकीवर न्यायाधीश, दुसरीवर दोघं वकील पाठीला पाठ लावून. तिसरीवर साक्षीला आल्या हौसाबाई.

कारकून म्हणाला, "बाई, इथं खरं बोललं की वजन वाढतं. फरशी सोसत नाही. आहे तयारी?"

"मान घट्ट हाय माझी. विचारा."

वकीलबाईंनी एक अर्ज पुढं केला. "सही कुणाची?"

"मामांची." हौसाबाई घोट्यापर्यंत फरशीत गेल्या.

"आणि खाली तांबड्या शाईत?"

"नामंजूर म्हणून लिवलंय. ते मोठ्या साहेबांचं. मामा 'द्यावी' म्हणून लिहायचे. द्यायची का न्हाई ते वरनं यायचं. माझ्या लेकीच्या बाळंतपणाला मामांनी आठ दिवस लिवले, वरनं फुली आली. नातू बघितला तो बाराव्या दिवशी, पाळण्यात." त्या गुडघ्यापर्यंत गेल्या, आणि निवृत्ती पंख्यापासून हातभर खाली आला.

शहापुरे म्हणाले, "पिशवी तुम्ही बांधत होता ना? म्हणजे हा माणूस आपणहून खाली येत नव्हता."

"सदऱ्याचं टोक वर धरून उभे ऱ्हायचे आपणहून. 'बांधा लवकर, वाळू सुकाय लागली' म्हणायचे."

"बाई, नोकरीची दोन वर्षं उरलीत तुमची. जपून बोला."

"जपूनच बोलतीय साहेब. एक शब्द सांडू देत न्हाई."

एकेक अर्ज निघत गेला, एकेक उत्तर येत गेलं. फरशी बाईंच्या कमरेला आली, खांद्याला आली. सत्तरावा अर्ज संपला तेव्हा फरशीवर फक्त त्यांचा चेहरा, मान आणि दोन हात होते. निवृत्ती बरोबर त्यांच्या डोक्यावर आला होता. टेकायला दुसरी जागा नव्हती.

हौसाबाईंनी पदराचं टोक गोल गुंडाळून चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. "टेका मामा. जन्मभर वाळूची पाटी हितंच टेकलीया."

"पाय? तुमच्या डोक्यावर?"

"लवकर करा. बोलाय येईना आता."

निवृत्ती हवेतच उलटा झाला. पाय वर गेले, डोकं खाली आलं. त्यानं दोन्ही तळवे त्या चुंबळीवर टेकले आणि हातांवर कपाळ ठेवलं. न्यायाधीश पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले होते. माणूस कुठल्या टोकाकडून मोजायचा, ते त्यांना ठरवता येईना.

अजून मोजताहेत. तोवर तुम्ही, मंडळी, हौसाबाई खोतांची आठवण असू द्या.