देवाचा चौथा हात

आमच्या ह्यांना जिगसॉ जमवायचा नाद आहे. म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे जोडून चित्र करायचं. त्यातही साधेसुधे चालत नाहीत, जुन्या टीव्ही मालिकांचेच लागतात. हेराच्या मालिकेचा, चाळीतल्या कुटुंबाच्या मालिकेचा, बोलक्या पोपटाच्या मालिकेचा, असे अकरा खोके आमच्या कपाटात साड्यांच्या खणात आहेत. साड्या ट्रंकेत आहेत. अख्ख्या महाडात हा नाद दुसऱ्या कोणाला नाही, याचा ह्यांना अभिमान आहे आणि मला दिलासा.

त्यातला लाडका खोका म्हणजे रविवारी सकाळी लागायची त्या देवांच्या मालिकेचा, १९८८ सालचा. शेषावर बसलेला विष्णू, तुकडे पाचशे. आमच्याकडे चारशे नव्व्याण्णव. आशीर्वादाचा हात तेवढा नाही. पंधरा वर्षं हा माणूस तो हात शोधत होता. मुंबईला लग्नाला गेलो की अक्षता पडल्याबरोबर हे गायब व्हायचे आणि रद्दीवाल्याकडे सापडायचे.

यंदा भाद्रपदात पोलादपूरहून येताना ह्यांची स्कूटर घसरली आणि उजवा हात मोडला. प्लास्टर घालून ऑफिसला गेले, तर तिथला शिपाई चांगू म्हणाला, "माज्या लेकीकडं, दर्शनाकडं, कापड्याला हाय ना तसलाच देव. उंदरांनी निम्मा खाल्लाय, पन हात हाय." दुसऱ्या दिवशी त्याने कागदात बांधून शंखाचा हात आणला. देवाला चार हात, त्याला तो बिचारा काय करणार? शेवटी रविवारी हे स्वतःच एसटीने कापड्याला निघाले.

जाण्याआधी डाव्या हाताने अख्खं चित्र लावून फळी ओटीवर ठेवली. मला म्हणाले, "कोणाला हात लावू देऊ नकोस. आलो की शेवटचा तुकडा बसवतो."

"मी आहे ना," मी म्हटलं.

तासाभराने माझ्या सासूबाई, जानकीबाई, फळीजवळ आल्या. आजवर त्यांनी तो देव खोक्यातच पाहिला होता.

"अगं, हा खंडित आहे."

"आई, तो नट आहे. नीट बघा, निळ्या रंगाखाली मिशी भादरल्याची खूण दिसते."

"असेना नट. मुकुट घातलाय, शंख घेतलाय. खंडित देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. कुठला हात नाही?"

"उजवा."

"आणि रघूचा कुठला मोडला?"

मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. मी म्हटलं, "योगायोग आहे. आणि देवाला चार हात आहेत, आई. एक गेला तरी तीन उरतात."

"माझ्या मुलाला दोनच आहेत," आई म्हणाल्या.

ह्यांना रिक्षातून आणलं तेव्हा शर्टभर रक्त होतं, आणि ते ओठाचं आहे हे कळेपर्यंत मी जखम शोधत होते. ते मला आठवलं. फळी जड होती. एक बाजू आईंनी धरली, दुसरी मी.

सावित्री नदीवर आईंनी हळदकुंकू वाहिलं, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला. 'पुन्हा या' म्हणावं की नाही, यावर जरा अडल्या. मग नको म्हणाल्या. तुकडे पाण्यात सोडले आणि फळी आम्ही धुऊन परत आणली.

चार वाजता हे आले. शर्टाच्या खिशात काडेपेटी, काडेपेटीत कापूस, कापसात हात. अंगणात वाळत ठेवलेली फळी त्यांनी बघितली. आईंनी काय ते सांगून टाकलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

ह्यांनी ओल्या फळीवरून डावा हात फिरवला. मग म्हणाले, "आईचं मी समजू शकतो. तिला पटलं होतं. तुला पटलं होतं?"

"नाही."

"मग फळी का धरलीस?"

"तुमचा हात मोडला होता," मी म्हटलं. "मला भीती वाटली."

ते पायरीवर बसले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

आई आतून म्हणाल्या, "हात आणलास ना? तोही सोडून ये. देव तिकडे आणि हात इकडे, बरं नव्हे."

घाटावर हे सारखं विचारत होते, नेमका कुठे सोडला. मी दाखवलं. काडेपेटी एका हाताने उघडेना. मी ती धरली, त्यांनी तुकडा काढला. प्लास्टरचा हात वर धरून वाकले आणि फळीवर बसवतात तसा अंगठ्याने पाण्यात दाबला.

"पाचशे," हे म्हणाले.

पुठ्ठाच तो, बुडाला नाही. आशीर्वाद देत देत पुलाकडे निघाला. मी हात जोडले. कोणाला, ते विचारू नका.