भिंतीत कोण जागं आहे?

मी टेस्टर बोलतोय. वायरमनच्या खिशात पेनाशेजारी खोचलेला असतो ना, तोच. एका टोकाला चपटं पातं, दुसऱ्या टोकाला धातूचं डोकं आणि मधे पोटात तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. आता वय झालंय, तेव्हा जरा सावकाश सांगेन. तुम्हीही सावकाश ऐका.

जन्माचं फारसं आठवत नाही. काचेच्या इवल्याशा नळीत कुणीतरी एक श्वास भरला आणि तोंड बंद केलं, एवढंच. त्या एका श्वासावर मी सगळं आयुष्य काढलं.

दुकानातल्या खोक्यातून काकांनी मला उचललं. तेव्हा ते कुणाचेच काका नव्हते, मिसरूड नुकतंच फुटलं होतं. मग आम्ही दोघं बरोबरच म्हातारे झालो. माझी जागा त्यांच्या डाव्या खिशात. तिथं आत सारखी ठकठक चालायची. त्या तालावर मला गुंगी यायची आणि एकच स्वप्न पडायचं. घरं काचेसारखी आरपार दिसताहेत, भिंतीभिंतींतून उजेडाच्या बारीक नद्या वाहताहेत, एक पंख्याकडे निघालीय, एक इस्त्रीकडे. आणि माणसं त्याच भिंतींना टेकून निवांत चहा पिताहेत.

माझी एक गंमत आहे. मी एकटा पेटत नाही. पातं तारेला लागलं आणि डोक्यावर माणसाचं बोट टेकलं, तरच पोटात तांबूस उजेड पडतो. मी विजेला विचारतो, "जागी आहेस का गं?" ती माझ्यातून, माणसाच्या अंगातून मुंगीच्या पावलांनी जाते. त्याला पत्ताही लागत नाही.

काकांची रीत ठरलेली. आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून परत बसवायला नको. मग मला चालू सॉकेटात लावून बघायचं, मी तरी शुद्धीवर आहे ना. आणि मग कामाच्या तारेला लावायचं. लोक हसायचे.

"काका, तारेची मुलाखत घेताय की काय?"

"घेतो बाबा. ती एकदाच नापास करते."

एक घर मात्र विसरता येत नाही. एका मजल्यावर शेजारी-शेजारी दोन दारं, दोन सख्खे भाऊ. पूर्वी आत एकच घर होतं. मग काहीतरी बिनसलं, मधे भिंत आली, मीटर वेगळे झाले. वाट्या-चमचेसुद्धा वाटून झाले. बोलणं तेवढं कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

धाकट्यानं घर नव्यानं करायला काढलं होतं. पाण्याच्या पाइपसाठी त्या मधल्या भिंतीत खाच पाडायची होती. काकांनी धाकट्याचा फ्यूज काढून खिशात टाकला. गवंड्यानं छिन्नी चालवली, तर गिलाव्यातून जुन्या तारेचं टोक डोकावलं. वर गुंडाळलेली चिकटपट्टी कुजलेली, तांबं उघडं.

"मेलेलीच आहे, ओढून टाकतो," गवंडी म्हणाला. हात सिमेंटनं ओलेकच्च.

"दम धर रे."

काकांनी मला जिन्यातल्या सॉकेटात लावून पाहिलं. पेटलो. मग त्या तांब्याला टेकवलं. आणि भिंतीच्या आतून ती जागी निघाली! मी जीव तोडून पेटलो. पण खिडकीची चौकट काढलेली, खोलीभर ऊन, माझा श्वास जुना, काकांचे डोळेही जुने. मी त्यांना दिसलोच नाही.

"नाहीये वाटतं," काका पुटपुटले. गवंड्यानं हात पुढे केला.

मला आवाज असता तर ओरडलो असतो.

काकांचं बोट मात्र हललं नाही. "ऊन फार आहे," म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून माझ्यावर धरली. त्या ओंजळभर सावलीत मी निखाऱ्यासारखा दिसलो.

"हात मागं घे!"

उभ्या जन्मात काका असे ओरडले नव्हते. गवंडी मागं सरकला तो पालथ्या घमेल्यावरच बसला. "पण फ्यूज तर तुमच्या खिशात..."

"या घरचा. ही तार पलीकडून आलीय." काका धाकट्याकडे वळले. "जा, त्यांना फ्यूज काढायला सांग."

"त्या दारात मी जाणार नाही. सात वर्षं झाली. तुम्ही जा ना, काका."

"गेलो असतो. पण ही उघडी टाकून मी पाऊल उचलणार नाही."

धाकटा गवंड्याच्या ओल्या हातांकडे बघत राहिला. मग गेला. पलीकडच्या दारावर थाप ऐकू आली. पहिली हलकी, दुसरी जरा जोरात.

थोरला आला तो हातात फ्यूज घेऊनच. भिंतीकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "आई तुझ्याकडं राहिली, पण तिच्या उशाचा दिवा माझ्या मीटरवर. भिंत घातली तेव्हा तिला अंधार नको, म्हणून तार तशीच ठेवली. ती गेल्यावर तोडायची राहून गेली."

"दादा, तो दिवा मला आमच्याच मीटरवर वाटायचा."

थोरल्यानं फ्यूज काकांच्या हातात ठेवला. गवंड्याला म्हणाला, "पाणी पी रे, पांढरा पडलायस."

तो फ्यूजही काकांनी खिशात टाकला. मला परत जिन्यात नेलं, पेटलो. तारेला लावलं, टोपी धरली. काळोख. पुन्हा जिन्यात, पुन्हा पेटलो. आयुष्यभर उजेड दिला, पण त्या काळोखाइतकं सुख कशात मिळालं नाही.

दुपारभर दोन घरांचे दोन फ्यूज माझ्या शेजारी एकमेकांवर आपटत होते. पंखे दोन्हीकडचे बंद, तेव्हा दोघं भाऊ जिन्यात येऊन बसले. मग थोरला म्हणाला, "तुझ्याकडं पाणी येतं का रे नीट?"

आता काका कामावर जात नाहीत. मी टेबलाच्या खणात असतो, नद्यांची स्वप्नं बघत. श्वास संपत आलाय. कधी भिंत फोडायला निघालात, तर एवढं ऐका माझं. जाणत्या वायरमनला बोलवा, चांगला टेस्टर घ्या, सावलीत धरून बघा. घाईत खण उघडून मला मात्र नेऊ नका. मी पेटलो नाही, तर झोपलेला मी असेन. भिंतीतली ती जागीच असेल.