पाठमोरं बोलणं

समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंचं एक वाक्य कॉलेजात वर्षानुवर्षं चालत आलं होतं. लोकांच्या घरी भेटी द्यायला निघालेल्या प्रत्येक नव्या तुकडीला त्या सांगायच्या, "दुसऱ्याच्या घरात शिरताना छत्रीबरोबर आपलं मतही दाराबाहेर ठेवा. आत नेलं तर दोन्ही गळतात." मुलं हसायची, पण वाक्य विसरायची नाहीत.

बाईंचं आयुष्य देव, घर आणि कॉलेज अशा तीन दगडांच्या चुलीवर चढवलेलं होतं आणि आच कधी कमी झाली नव्हती. सकाळी प्रार्थना, मग स्वयंपाक, मग वर्ग. संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभ्या. दारू सोडू बघणारा कुणी, माहेरी परत आलेली कुणी, मुलांनी वाऱ्यावर सोडलेले म्हातारे. रविवारी प्रार्थनामंदिरात पहिली रांग. थकायचं कसं, हे त्या शिकल्याच नव्हत्या.

त्यांचे यजमान वाद्यं दुरुस्त करायचे. घराच्या खालीच दुकान. पेट्या, तंतुवाद्यं, फुटक्या बासऱ्या, सगळं तिथं यायचं आणि गातं होऊन परत जायचं. लोक त्यांना 'सूरवाले' म्हणत. मंदिरात प्रार्थनेचा पहिला सूर तेच लावायचे. त्यांनी सूर धरला की मागची शंभर माणसं बिनघोर त्यांच्या मागे जायची.

गेल्या वर्षी त्यांनी ते सोडलं. आधी म्हणाले, गळा साथ देत नाही. मग मागच्या रांगेत बसायला लागले, आणि मग यायचेच बंद झाले. दुकानाचं फळीचं दार अर्धंच उघडायला लागलं. परगावी दिलेली लेक फोनवर कुरकुरायची, "आई, बाबा नुसतं 'बरं, बरं' करतात आणि फोन तुझ्याकडे देतात. माझ्यावर रागावलेत का गं?"

"रागबिग काही नाही," बाई म्हणायच्या. "वय झालं की माणूस हट्टाला पेटतो. मी बघते."

त्यांनी बघितलं ते असं. भाजी चिरता चिरता, ओट्याकडे तोंड करून त्यांनी यजमानांना चांगलं सुनावलं, "देवानं दिलेला गळा देवालाच नाकारताय. कुठं फेडाल हे?" मागून उत्तर आलं, "बरं." बाईंना वाटलं, टिंगल चालवलीय. डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी त्या मंदिरात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाल्या, "आमच्या घरच्यांची श्रद्धा ढळलीय. त्यांच्यासाठी प्रार्थना करा." बायकांनी त्यांचे हात हातात घेतले. बाईंना फार हलकं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गात ती गोष्ट झाली.

मुलं आपापल्या कामाच्या जागेवरची एकेक केस वर्गात मांडायची. नाव, गाव, धंदा काही सांगायचं नाही, हा बाईंचाच कडक नियम. त्या दिवशी पाळी होती 'कर्णा'ची. ही एक ठसठशीत पोरगी. हळू बोलणं हा प्रकारच तिच्याकडे नव्हता, म्हणून पोरांनी तिला कर्णा हे नाव ठेवलं होतं. तिला सरकारी दवाखान्याच्या कानाच्या विभागात पाठवलं होतं. तिथं मात्र तिचा आवाज सोन्याच्या मोलाचा ठरला होता.

"एक काका येतात," कर्णा सांगू लागली. "दोन्ही कान जात चाललेत. यंत्र लावलं तर बरंचसं ऐकू येईल, पण लावत नाहीत. कारण घरी सांगितलेलंच नाही."

"का नाही सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"म्हणतात, बायको दिवसभर जगाची गाऱ्हाणी ऐकून येते. त्यात आपली भर कशाला? मी म्हटलं, काका, त्यांना कळलं कसं नाही? तर म्हणाले, मी सगळ्याला 'बरं' म्हणतो. चुकीच्या जागी 'बरं' म्हटलं की भांडण होतं, पण 'काय?' म्हटलं की चौकशी होते. भांडण परवडलं."

वर्ग हसला. बाईही हसल्या.

"एकदा सांगायला गेले होते, मॅडम. पण बायको बोलत होती ती भिंतीकडे तोंड करून. ओठ दिसले तर अर्धं तरी कळतं. मला म्हणाले, पोरी, पाठीला ओठ नसतात."

बाई खडू ठेवून टेबलाच्या पुढे आल्या. अशा जागी त्यांची वाणी तापलेल्या तव्यासारखी व्हायची. "बघा," त्या म्हणाल्या, "इथं खरी केस कोणाची आहे? नवऱ्याची नाही, बायकोची. एका छताखाली राहायचं, एका पंगतीला बसायचं, आणि शेजारचा माणूस बहिरा होत चाललाय याचा पत्ता नाही! तिला नवरा दिसतो, पण ती त्याच्याकडे बघत नाही. वर लोकांची दुःखं ऐकायला जाते म्हणे. दिव्याखाली अंधार तो हाच!"

पोरांनी मान डोलावली. मागच्या बाकावरून कुणीतरी "वा!" म्हणालं.

"आणि मॅडम," कर्णा म्हणाली, "ते अजून काम करतात. आवाजाचंच काम आहे. कामातल्या लाकडाला हनुवटी टेकवून बसतात. हाडातून थरथर कळते म्हणे. बायकोनं तसं बघितलं तर ती म्हणाली, दुकानात झोपा काढता होय?"

बाईंचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथंच राहिला. मागच्याच महिन्यात त्या किल्ली मागायला दुकानात उतरल्या होत्या. यजमान एका मोठ्या तंतुवाद्यावर ओणवे, हनुवटी लाकडावर, डोळे मिटलेले. आणि त्या म्हणाल्या होत्या, अगदी याच शब्दांत.

"मॅडम, पुढं काय करू?" कर्णानं विचारलं.

"त्यांनी... त्यांनी स्वतः सांगायला हवं," बाई कशाबशा म्हणाल्या. "आपण घाई करायची नाही." आणि तास संपायच्या आधीच त्यांनी वर्ग सोडला.

कॉलेजच्या मागच्या जिन्यात त्या पायरीवर बसून राहिल्या. रडू आलं नाही. लाज वाटली, ती सगळ्या अंगाला वाटली. भर वर्गात त्यांनी स्वतःलाच फाडून खाल्लं होतं आणि त्यातला एक शब्दही मागे घेता येण्याजोगा नव्हता. शिवाय मंदिरातलं ते. नवऱ्याचे कान जात होते आणि त्यांनी चारचौघांत त्याचा देव गेला म्हणून सांगितलं होतं.

घरी जाऊन विचारावं, तर वर्गातली गोष्ट वर्गाबाहेर न्यायची नाही हा नियम. न विचारावं, तर माहीत असून नाटक करायचं. तीन-चार दिवस त्यांनी नाटकच केलं. बोलताना त्या यजमानांच्या समोर जाऊन उभ्या राहायच्या, शब्द सुटे सुटे करून बोलायच्या. वाटायचं, आता तरी ते आपणहून सांगतील. ते मात्र एकदा बाईंकडे नीट बघून म्हणाले, "अगं, दातबित दुखतोय का? तोंड असं का करतेस?"

शनिवारी दुपारी बाई खाली दुकानात गेल्या. स्टूल ओढून त्यांच्या अगदी पुढ्यात बसल्या.

"अहो, मला कळलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या कानांचं."

सूरवाल्यांनी हातातली तार खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"दवाखान्यातली ती मुलगी माझी विद्यार्थिनी आहे. तिला ठाऊक नाही तुम्ही माझे कोण ते. तिनं नाव घेतलं नाही. मीच ओळखलं."

"म्हणजे मी तुझ्या वर्गात जाऊन आलो म्हणायचं," ते म्हणाले. हसले, पण हसू ओठांपर्यंतच पोचलं. "पास झालो का?"

मग बाईंनी सगळंच सांगून टाकलं. वर्गात त्या बायकोला काय काय बोलल्या ते, आणि मंदिरात उभं राहून काय मागितलं तेही. मंदिरातलं यजमानांना माहीतच नव्हतं. सूरवाल्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून, की आलं म्हणून, कोण जाणे.

"श्रद्धा ढळली?" ते म्हणाले. "अगं, मला पेटीचा सूर सापडेना. दोनदा खालच्या सुरात शिरलो, लोकांनी एकमेकांकडे बघितलं. देवासमोर बेसूर नको म्हणून गप्प बसलो. घरी रोज म्हणतोच की मी. मनात."

"चुकलं हो माझं," बाई म्हणाल्या. "उद्याच मंदिरात उभी राहते आणि सगळ्यांना सांगते, मी खोटं बोलले, माफ करा."

"नाही," ते एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी बाईंना असं तोडलं नव्हतं. "बहिरा मी झालोय. सांगायचं तर मी सांगेन, मला वाटेल तेव्हा. तुझ्या माफीसाठी माझे कान वापरू नकोस. रडून मोकळी होशील तू, आणि लोक म्हणतील, बाई किती मोठ्या मनाची."

कबूल केलं की ओझं उतरतं, असं बाईंनी कितीतरी दारांत सांगितलं होतं. हे ओझं उतरवायची परवानगीच नव्हती.

त्या रविवारी आणि पुढचेही काही रविवार त्या पहिल्या रांगेत बसल्या. बायका विचारायच्या, "काय म्हणतात घरचे? आम्ही विसरलो नाही हं, रोज करतो प्रार्थना." बाई "बरं" म्हणायच्या. त्या शब्दाच्या आत माणूस किती एकटा असतो, हे त्यांना तेव्हा समजलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातात होती. यजमानांना विचारून त्यांनी कर्णाला खोलीत बोलावलं आणि खरं सांगितलं. "तुझी चूक काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पण या केसचे गुण मी द्यायचे नाहीत. दुसऱ्या सरांना सांगितलंय."

कर्णा पांढरीफटक पडली. "पण मॅडम, तुम्ही त्या दिवशी त्या बायकोला... म्हणजे तुम्ही स्वतःला..." पहिल्यांदाच तिचा आवाज हळू झाला होता.

"हो," बाई म्हणाल्या. "शब्द बरोबर होते, पण दया नव्हती त्यात. तीही केसच होती ना? तिच्या घरात मी मत घेऊनच शिरले."

सूरवाले मंदिरात गेले ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, स्वतःच्या मनानं. प्रार्थना संपल्यावर उभे राहिले आणि नेहमीच्या संथपणे म्हणाले, "मला ऐकू येत नाही हो. म्हणून गात नव्हतो. माझ्यावर कुणी रुसू नका आणि कानात ओरडूही नका, समोर येऊन बोला." बस, एवढंच. माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. बाईंकडे दोघी-तिघींनी वळून बघितलं. त्या नजरांत काय होतं ते बाईंनी निमूट घेतलं. यजमानांनी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, आणि ते न घेणंच त्यांना सगळ्यात जास्त बोचलं.

यंत्र बसवायला दोघं बरोबर गेली. डॉक्टरीण काहीही विचारू लागली की उत्तर बाईंच्या जिभेवर यायचं. त्यांनी ते गिळलं, दर वेळी. यंत्र सुरू झालं तसे सूरवाले दचकले. खुर्चीची कुरकुर, बाहेरच्या गाड्या, कागदांची सळसळ, सगळं एकदम अंगावर आलं.

"केवढा हा कालवा," ते म्हणाले. "याच्यात राहता तुम्ही लोक?"

"माझा आवाज कसा येतोय?" बाईंनी भीत भीत विचारलं.

"पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. पण येतोय."

परतताना रस्त्याच्या कडेच्या बाकावर ते जरा टेकले. यंत्रानं डोकं गरगरत होतं. बाई बाकावर नीट वळून, त्यांच्याकडे तोंड करून बसल्या.

"अहो, एक विचारू? कानांसारखं आणखी काय काय राहिलंय माझं बघायचं?"

सूरवाल्यांनी कानातलं यंत्र जरा नीट बसवलं. मग म्हणाले, "आहे तसं बरंच. सगळं आजच कशाला? सांगेन हळूहळू."

बाईंनी मान हलवली. आणि मग, उशीर नको म्हणून, त्या म्हणाल्या, "निदान एक तरी सांगा."

ते सांगू लागले.