फुगा घट्ट होईना

बोट नवऱ्याची होती. तो गेल्यावर काकूंनी ती चालवायला घेतली. सकाळी दवाखान्याच्या नर्सला पलीकडच्या बेटावर सोडायचं, दुपारी परत आणायचं. धक्क्यावर त्यांच्या दिराचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हाताचा चांगला, पण फटकळ. महिनाभर बोटीचं इंजिन मध्येच बंद पडत होतं. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला आणि शेवटी सांगून टाकलं, की इंजिन म्हातारं झालंय, बोट विकून टाका. भाऊ गेल्यापासून त्याने बोटीत पाय ठेवला नव्हता. इंजिन काढून दुकानात आणायला लावायचा.

त्या दिवशी नर्सच्या मांडीवर लशींची पेटी होती. अर्ध्या पाण्यात इंजिन खोकलं आणि थांबलं. काकूंनी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला, दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. दोन मिनिटांनी पुन्हा ठप्प. टाकी भरलेली होती, झाकणावरचा हवेचा स्क्रूही उघडा होता. बोट हळूहळू खडकांच्या बाजूला सरकू लागली.

नर्सने पेटी बाजूला ठेवून फुगा हातात घेतला. तिने दहा-बारा वेळा दाबला, तरी तो मऊच.

"काकू, आमच्या बीपीच्या यंत्राचं असंच होतं," ती म्हणाली. "फुगा घट्ट होत नसला, तर आधी नळीचे सांधे बघायचे."

पण आधी किनारा गाठायचा होता. काकूंनी पुन्हा दोरी ओढून इंजिन सुरू केलं. नर्स फुगा दाबत राहिली आणि काकूंनी सुकाणू सोडलं नाही. बोट कशीबशी बेटाला लागली. तिथे नर्सला फुगा दाबायला सांगून काकूंनी नळीवरून कोरडं बोट फिरवलं. इंजिनाजवळच्या सांध्यापाशी ते ओलं झालं. सांधा काढून पाहिला, तर आतली रबरी कडी चिरलेली. इंजिन पेट्रोल ओढायचं तेव्हा त्या चिरेतून हवाही आत जायची.

पोरांना लशी टोचून झाल्यावर दोघी तशाच फुगा दाबत परतल्या. काकूंनी चिरलेली कडी दिराच्या टेबलावर ठेवली आणि काय घडलं ते सांगितलं. त्याने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"काखेत कळसा," तो म्हणाला. "मी आपला इंजिनच उकलत बसलो. नळी कधी दुकानात आलीच नाही, आणि मीही कधी बोटीपर्यंत गेलो नाही."

त्याने नवी कडी काढली, आणि बसवायला त्यांच्याच हातात दिली. काकूंनी बोटीत जाऊन, तेलाचा थेंब लावून ती खाचेत बसवली, तेव्हा चौथ्या दाबाला फुगा दगडासारखा झाला.

चाचणी घ्यायला हवी म्हणून दीर बोटीत उतरला. आधी उभाच राहिला, मग भावाच्या जुन्या फळीवर जपून टेकला. बेटापर्यंत आणि परत, तो मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत होता. एकदाही खोकलं नाही.

"वहिनी, विकायचं सध्या राहू द्या."

"मी कुठे विकत होते, भावोजी?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी बोट धक्क्याला लावली.